क्रमांक सतरा

प्रश्नमास्तरांना कुणी "जेवलात का?" असं विचारलं, तर ते आधी "जेवलात म्हणजे नेमकं काय?" असं विचारत. यात थट्टा नसे. सकाळचे पोहे जेवणात धरायचे की नाही, असा प्रश्न त्यांना खरोखरच पडलेला असे. कणकवलीच्या स्टँडवर कंडक्टरने "पुढे सरका" म्हटलं, तेव्हा "पुढे म्हणजे नेमकं कुठपर्यंत?" असं विचारून त्यांनी अख्खी गाडी खोळंबून ठेवली होती. ही गोष्ट ते आमच्या गावात पोचण्याच्या आधीच गावात पोचली, त्यामुळे त्यांचं बारसं ते यायच्या आधीच उरकलं होतं. खरं नाव विचारण्याची गरज पुढे कुणालाच वाटली नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मास्तर पुण्याच्या एका कॉलेजात समाजमानसशास्त्र शिकवत. पस्तिशीचे, किरकोळ अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा. घाटात त्यांना गाडी लागली होती, म्हणून उतरले तेव्हा चेहरा आमसुलासारखा झाला होता. त्या अवस्थेतही त्यांनी त्यांना न्यायला आलेल्या माझ्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला तो असा : "आपल्या गावात पुरुष म्हणजे काय समजतात?" वडील वाचनालयाचे चिटणीस होते, पण अशी चौकशी त्यांच्या कारकिर्दीत कधी आली नव्हती. त्यांनी "आधी पाय धुवा" एवढंच उत्तर दिलं. मास्तरांनी ते कार्डावर लिहून घेतलं.

त्यांच्या संशोधनाचा विषय मोठा भारदस्त होता. माणूस बाईचं किंवा पुरुषाचं शरीर घेऊन जन्माला येतो. पण आपण बाई आहोत किंवा पुरुष आहोत असं त्याला आतून कशामुळे वाटतं, आणि त्यात भोवतालच्या माणसांचा हात किती, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. पुण्यात माणसं नव्हती असं नाही. पण पुण्यातली माणसं प्रश्न विचारला की प्रश्नातच चूक काढतात, असा त्यांचा अनुभव होता. कोकणातली माणसं साधी, सरळ, खरं सांगणारी असतात, असं त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. ते पुस्तक लिहिणारा कोकणात आला नसावा.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, म्हणजे गावाच्या दृष्टीने दुरुस्तीला टाकलेली. मास्तर आमच्या पडवीलगतच्या खोलीत उतरले, आणि त्यांना मालवणी कळत नसल्यामुळे दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. प्रश्नावली आधी कुणावर तरी तपासून पाहायची असते म्हणे, तर ती त्यांनी माझ्यावर तपासली. "पुढचा जन्म बाईचा घ्याल की पुरुषाचा?" मी म्हटलं, "ह्या जन्माच्या वेळी तरी मला कुणी विचारलं होतं?" त्यांनी लिहिलं, 'उत्तर टाळले.' मग म्हणाले, "तुम्ही मोजणीत नाही. तुमचा क्रमांक शून्य." इतक्या थोडक्यात माझी किंमत त्याआधी कुणी केली नव्हती.

पण नुसती प्रश्नावली तपासून आमच्याकडे काही होत नाही. आमच्या गावात विहीर खणायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, देवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार. घरोघर जाऊन माणसांना त्यांच्या बाईपणाबद्दल आणि पुरुषपणाबद्दल विचारायचं, तर देवीला न सांगून कसं चालेल? मास्तर देव मानत नव्हते. पण लोकांचा विश्वास मिळवणं ही संशोधनाची पहिली पायरी आहे, असं त्यांच्या शास्त्रात लिहिलेलं होतं, म्हणून ते सदरा काढून, उघड्या अंगाने, चष्मा सावरत देवळात उभे राहिले. फासळ्या मोजून घ्याव्यात असे दिसत होते.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं ते मला अजून तोंडपाठ आहे. "बा देवा म्हाराजा, आज हो पुण्याचो मास्तर तुझ्या पायाकडे इलो आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

"बायल म्हंजे काय नि बापयो म्हंजे काय, ता तेका समजणा नाय म्हाराजा. ता इचारूक तो घराघरान फिरतलो. तेका खरा ता गावांदे, तेची बुद्धी जाग्यार रवांदे. आनि हयल्या माणसाचा नाव तेच्या तोंडातसून वेशीभायर जावक नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग गुरवाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शब्द द्या." ते म्हणाले, "शब्द म्हणजे नेमकं—" आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडून "दिला" म्हणाले. पाकळी उजवी पडली. बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं, की नावं गुप्त ठेवण्याचा नियम त्यांच्या शास्त्रात आधीपासूनच आहे, देवीने वेगळं असं काही सुचवलेलं नाही. देवीला हे ऐकून बरं वाटलं असेल.

नावं गुप्त राहावीत म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. ज्याला प्रश्न विचारायचे, त्याला एक क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. वहीत नाव नाही, फक्त क्रमांक. दुसऱ्या भेटीला येताना माणसाने ती चिठ्ठी आणायची. अशा चाळीस चिठ्ठ्या त्यांनी सुबक अक्षरात तयार केल्या. फक्त एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, ती म्हणजे आमचं गाव. आमच्याकडे माणसाला नाव आईबाप ठेवतात ते शाळेच्या दाखल्यापुरतं. खरं नाव गाव ठेवतं. एकाच्या आजाला म्हणे होडीत एकदा घेरी आली होती. तो आजा गेला, त्याचा मुलगा गेला, पण नातू दर्यावर चार माणसांचं काम एकटा करतो तरी 'घेरी'च राहिला. अशा गावात मास्तरांनी चाळीस ताजी टोपणनावं फुकट वाटली.

आठ दिवसांत सगळा गाव क्रमांकावर आला. बारा नंबराची म्हैस चौदा नंबराच्या परसात शिरली. तीस नंबराचं आणि एकतीस नंबराचं बांधावरून भांडण झालं, आणि ते मिटवायला सात नंबर गेला. लोक चिठ्ठ्या टोपीत खोचून हिंडत. मास्तर डोक्याला हात लावून बसले. "बाई, हे गुप्त होतं," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "गुप्तच आहे. वेशीबाहेर कुणाला ठाऊक नाही."

पाच नंबर म्हणजे जयवंती. मासळी विकणारी, आवाज असा की लिलाव एका वाडीत बोलली तर दोन वाड्यांना भाव कळावा. मास्तरांच्या तक्त्यात 'बाजार' हे पुरुषांचं क्षेत्र होतं. तिला त्यांनी तोच पुढच्या जन्माचा प्रश्न घातला.

"बापयाचो जल्म घेतलंय तर घराकडे बसान विडी ओढूक गावतली," जयवंती म्हणाली. "पण मगे मासळी कोण इकतलो? माजो घोव? तो बाजारात गेलो तर सुरमय दिवन बांगडो घेवन येतलो."

"मग घरात कर्ता कोण?"

"कर्तो तोच. तेका इचारल्याबिगर मी कायएक करणंय नाय. आधी करतंय, मगे इचारतंय."

मास्तरांनी 'बाजार' खोडला. पुढे 'निर्णय' खोडला. पाच नंबर उठून गेली तेव्हा पुण्याहून आणलेल्या तक्त्यात अखंड असं फारसं काही उरलं नव्हतं.

नऊ नंबर म्हणजे आपा. दशावतारात तो वर्षानुवर्षं द्रौपदी आणि तारामती करत आला होता. मास्तरांनी त्याच्यासाठी नवं कार्ड काढलं, पेन्सिलीला टोक केलं. हा माणूस आपलं संशोधन तारून नेणार अशी त्यांची खात्री होती. आपाने सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "लुगडा सोडलंय काय मी बापयो. लुगड्यात आसतंय तेवाव बापयोच, फकत दाढी केल्लो. बायल दिसूक मेहनत लागता, मास्तर. तुमी वायच नेसान बघा, मगे प्रश्न इचारा." त्याला तीन मुलं होती आणि चौथ्याची तयारी होती. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

तरी माणूस हटला नाही. रोज सकाळी छत्री, पिशवी आणि कार्डं घेऊन निघायचा. खाडीपलीकडे जायला तरीत बसला की तरवाल्याला प्रश्न, उतरला की माडावर चढलेल्याला खालून प्रश्न. माडावरच्याने एकदा उत्तरादाखल शहाळं खाली टाकलं, ते मास्तरांच्या पायापासून वीतभर अंतरावर पडलं. त्यांनी ते फोडून घेतलं आणि 'सहकार्य मिळाले' असं लिहिलं. संध्याकाळी पडवीत बसून आम्ही उत्तरांचं मालवणीतून मराठी करत असू. त्या वेळी ते कधीकधी चष्मा काढून बोलत. एकदा म्हणाले, "बाई, माणूस स्वतःला आरशात बघतो असं आपण समजतो. तो शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघतो. शेजाऱ्याला जे दिसत नाही, ते आपल्यात आहे असं मानायची त्याला हिंमत होत नाही." मी म्हटलं, "आमच्या शेजाऱ्यांना तर नसलेलंसुद्धा दिसतं." ते हसले नाहीत. मला ते आवडत होते, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. त्यांना हे कळलं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी 'आवडणं म्हणजे नेमकं काय' असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं.

महिनाअखेरीस चाळीसपैकी एकोणचाळीस क्रमांक कोणकोणते, हे गावाला पाठ झालं होतं. एक सापडेना. सतरा. टोपीत सतरा खोचून कुणी हिंडत नव्हतं, सतराची म्हैस कुणाच्या परसात शिरत नव्हती. सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा मात्र गावाला दुसरं काम उरलं नाही. रापणीवर जाळं ओढताना, विहिरीवर, देवळात, तोच विषय. जयवंतीने तर टोपली घेऊन घरोघर जाताना मासळीबरोबर हाही प्रश्न विकायला काढला. "सतरा कोण गो?" मास्तरांना विचारलं की ते एकदम बहिरे होत.

आणि एके दिवशी त्यांनी स्वतःच सतराची कार्डं माझ्यापुढे ठेवली. दुसरा इलाज नव्हता. कुणीतरी एका भर दुपारी, गाव निजलेला असताना, किनाऱ्यावर त्यांना एकटं गाठून बोललं होतं. मास्तरांनी कळलं न कळलं तसं, जसं कानावर पडलं तसं मालवणी उतरवून घेतलं होतं. दहा-बारा कार्डं. "नाव विचारू नका," ते म्हणाले. "फक्त अर्थ सांगा."

मला विचारायची गरजच पडली नाही. दोन ओळींत माणूस माझ्यासमोर उभा राहिला. कशावरून, ते इथे लिहिलं तर तुम्हीही ओळखाल, म्हणून लिहीत नाही. तो पुरुष होता आणि त्याला मिशी होती एवढं सांगते. त्या काळी गावात मिशी नसलेला पुरुष फक्त आपा. त्याच्या शब्दाला दर्यावर मान होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, रेडीकडे म्हणा किंवा दुसरीकडे म्हणा. त्याने जे सांगितलं होतं त्यातलं बरंचसं मी इथे बदललं तरी चालेल, पण तीन वाक्यं बदलवत नाहीत : "माका आतून मी बापयो कधी वाटलंयच नाय. देवान चूक केल्यान. पण ता सांगतलंय कोणाक?"

शेवटच्या कार्डावर आणखी दोन वाक्यं होती. "ह्या खंयतरी लिवन ठेव, मास्तर. मी तेच्यात दिसाक नको, पण लिवन ठेव."

मी अर्थ सांगितला. मास्तरांनी कार्डं गोळा करून पिशवीत घातली. मग मी म्हटलं, "तुमचा सतरा मला कळला." त्यांचा चेहरा घाट उतरून आल्यासारखा झाला. मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही. पण मला दोन ओळी लागल्या, गावाला एक पुरेल. हे तुम्ही छापलंत, मग नाव घाला नाहीतर क्रमांक घाला, काही फरक पडत नाही."

"मग काय होईल? मारतील त्याला?"

"आमचं गाव मारत नाही," मी म्हटलं. "आमचं गाव नाव ठेवतं. त्याला ठेवील, त्याच्या मुलीला ठेवील, मुलीच्या मुलांना ठेवील. मुलीचं लग्न व्हायचंच नाही, म्हणजे तो शेवटचा भाग वाचेल." मी हे नेहमीच्याच सुरात बोलले.

मास्तर पुण्याला गेले. वर्षभर त्यांची पत्रं यायची, आणि प्रत्येक पत्रात त्याच विषयाचं दळण असायचं. त्यांच्यावरचे जे मोठे प्राध्यापक होते त्यांनी सगळं लिखाण वाचून सांगितलं, की यात सतरा क्रमांकाचं प्रकरण तेवढं संशोधन आहे, बाकीचं मासळीबाजाराचं वर्णन आहे. सतरा काढला तर पुस्तक नको. मीही फार शहाणपणाने कळवलं, की मग पुस्तक नको. त्यावर त्यांचं उत्तर आलं : 'मी दोन शब्द दिलेत, बाई. एक देवीला, की नाव बाहेर जाणार नाही. दुसरा त्याला, की लिहून ठेवीन. देवीला मी मानत नाही, पण शब्द दिला तेव्हा ती ऐकत होती.' हे वाचून मला रागच आला. शास्त्रज्ञ माणसाने असं दोन्हीकडे अडकून बसायचं म्हणजे काय? त्यानंतर वर्षभर पत्र नाही.

पुस्तक आलं ते थेट वाचनालयाच्या पत्त्यावर, 'ग्रामस्थांस सप्रेम' असं लिहून. मराठीत होतं, निदान लिपी तरी मराठी होती. आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत असे. त्या रविवारी वडिलांनी पार्सल सगळ्यांच्या देखत फोडलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. आधी चाळून बघायला मला क्षणभरही मिळाला नाही. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या लोकांनी त्या बरोबर आणल्या होत्या. आणि तोही आला होता. ओसरीच्या कडेला बसून जाळं दुरुस्त करत होता. न येऊन चालण्यासारखं नव्हतं; त्या दिवशी जो आला नसता, तोच सतरा ठरला असता.

मी एकापासून वाचायला घेतलं. प्रत्येक क्रमांकाला टाळ्या. जयवंतीचं बाजाराचं बोलणं 'स्त्रियांची आर्थिक स्वायत्तता' म्हणून छापलं होतं. ते आपल्याबद्दल आहे हे तिला पटवायलाच पाच मिनिटं गेली. आपाला 'भूमिका आणि अस्मिता यांतील अंतर' मिळालं. तो चिठ्ठी उंच धरून उभा राहिला. तेरा झाले, चौदा झाले. सोळा वाचून मी मुद्दाम एकदम अठराचं पान काढलं.

"सतरा ऱ्हवलो गो, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. "सतरा वाच."

मी कडेला पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. सुईचा हात थांबला होता. मी पान मागे घेतलं. म्हटलं, एक शब्द जरी ओळखीचा दिसला तरी चक्कर आल्याचं सोंग करायचं. आणि वाचलं :

'क्रमांक सतरा म्हणजे प्रस्तुत लेखक स्वतः होय. इतरांना जे प्रश्न विचारले ते स्वतःला न विचारणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून सतरावी चिठ्ठी लेखकाने स्वतःकडे ठेवली. मला आतून मी पुरुष आहे असे कधीच वाटलेले नाही.'

पुढे सात पानं होती. एकाही पानावर दर्या नव्हता. होडी नव्हती. पुण्यातला वाडा होता, मुठेचा काठ होता, घरात कुणी नसताना आईचं पातळ नेसून बसलेला एक मुलगा होता. किनाऱ्यावर दुपारी बोललेलं सगळं त्यात होतं, फक्त ते अंगरखा बदलून पुण्याला राहायला गेलं होतं. मी सातही पानं वाचली. माझा आवाज कुठेही फुटला नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

मग जयवंती म्हणाली, "म्हणान गावणा नाय होतो. चिठी तेच्याच खिशात," आणि सगळी ओसरी हसायला लागली. आपण इतके दिवस उगाच घरोघर शोधलं, म्हणून गाव स्वतःवरही हसलं. आपा म्हणाला, "मी तेका सांगलेलंय, नेसान बघ म्हणान. माजा आयकल्यान." त्यावर पुन्हा हसू. मी कडेला पाहिलं. त्याने हसणाऱ्यांकडे एकदा पाहिलं, आणि सुई पुन्हा जाळ्यात घातली. त्या मोसमात मुलीचं दोन वर्षं लांबलेलं लग्न एकदाचं झालं. मी जेवायला गेले होते. पंगतीत वाढताना त्याने माझ्या पानात दोनदा भात वाढला.

पुण्यात काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पुणं सुधारलेलं शहर आहे. तिथे कुणी टाळ्या पिटून हसलं नाही. मास्तरांचं लग्न ठरत होतं, त्या मंडळींनी काही कारण न देता पत्रिका परत पाठवली. कॉलेजात विभागप्रमुखाची जागा त्यांची होती, ती दुसऱ्याला गेली. त्यालाही कारण नव्हतं. ते वर्गात शिरायच्या आधी विद्यार्थी फळ्यावर सतरा लिहून ठेवत. मोठ्या प्राध्यापकांनी 'धाडसी लिखाण' असा अभिप्राय दिला आणि मास्तरांच्या घरी जाणं सोडलं. आमच्या गावावर मी एवढं तोंडसुख घेतलंय, पण नाव ठेवायच्या कामात पुण्याने आम्हाला मागे टाकलं, हे मान्य करायला हवं.

ते एकदाच पुन्हा आले, दोनेक वर्षांनी. केस पिकले होते. रापणीवरच्या माणसांनी लांबून हाक मारली, "इलो रे सतरा नंबर इलो." त्यांनी छत्री उंच करून हाकेला ओ दिली. वाईट वाटल्याचं दाखवलं नाही. संध्याकाळी पडवीत मी त्यांना विचारलं, "असं का केलंत? दुसरा मार्ग नव्हता?" ते म्हणाले, "विचार पुष्कळ केला. सतराव्या जागेवर कुणीतरी बसणं भाग होतं. माझ्याकडे मोकळं असं मीच होतो." मग मी धीर करून विचारलं, "आणि त्यातलं खरं किती?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "खरं म्हणजे नेमकं काय, बाई?"

त्यावर आम्ही दोघंही हसलो. मग मला रडू आलं, आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही. त्यांनी ते कार्डावर लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले. पिशवीत शहाळं होतं, कुणी दिलं विचारलं तर म्हणाले, "खोलीच्या दारात ठेवलेलं होतं. कुणी, ते मी विचारलं नाही."

साठचं दशक संपत आलं तेव्हा पुण्याहून एक कार्ड आलं. मास्तरांना कावीळ झाली होती, आठ दिवसांत संपलं. कार्ड लिहिणाऱ्याने 'आपल्या गावाची ते नेहमी आठवण काढत' अशी ओळ घातली होती, ती अशा कार्डांत असतेच. ही मात्र खरी असणार.

मी कुणाला बोलले नव्हते. पण पोस्टमनने वाचलं म्हणजे गावाने वाचलं. दोन दिवसांनी तो, खरा सतरा, आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही. मिशी पांढरी झाली होती. म्हणाला, "बाई, तेचा खरा नाव काय होता?"

इतक्या वर्षांत गावात कुणी हे विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, गोत्रही सांगितलं. त्याने ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, पाठ केलं आणि गेला.

जत्रेच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणी असतात. कुणाची गुरं, कुणाचा मुंबईचा मुलगा, कुणाची होडी. सगळ्यात शेवटी तो पुढे झाला आणि गुरवाच्या कानात काहीतरी बोलला. गुरवाने चमकून त्याच्याकडे पाहिलं, मग आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, पुण्याचो एक माणूस तुझ्याकडे इलो आसा म्हाराजा. तेणा तुका शब्द दिल्लो, तो पाळल्यान म्हाराजा. आता तेका तुझ्या पायाकडे जागो दी. तेका प्रश्न इचारूची सवय आसा, तेचो राग धरू नको म्हाराजा." आणि गुरवाने नाव घेतलं. सबंध नाव, वडिलांसकट, गोत्रासकट.

गावातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हे नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. जयवंतीने माझ्याकडे पाहिलं. पण गाऱ्हाण्यात नाव आलं की उत्तर द्यायचं असतं. सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने, तो म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग सगळा गाव म्हणाला.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याचंही लिहिलेलं नाही. देवीसमोर तसं ठरलं आहे.